मिठी नावाची मुलगी

प्रिय पूर्णिमाताई,

आमची तेजू काल घरी आली. ती शाळेच्या कॅम्पला गेलीय, मग परीक्षा आहे, असं इतके आठवडे तुला सांगत होते ते सगळं खोटं. तिला बालसंरक्षण केंद्रात ठेवलं होतं. फोनवर सांगितलं असतं, पण खोली एकच, तिच्या कानावर जाईल. म्हणून रजेवर आखातातून गावी निघालेल्या शेजारच्या हारूनभाईंकडे हे पत्र देतेय. आईला यातलं काही सांगू नकोस.

झालं असं, की तेजू जिन्यावरून पडली आणि दंड काळानिळा झाला. शाळेत विचारलं, तू पडलीस तेव्हा मम्मीने काय केलं? आपली कार्टी एरवी इंग्रजी सोडत नाही, पण या एका गोष्टीला तिच्याकडे आपलाच शब्द. म्हणाली, मम्मी मिठी मारते. ते समजेना, म्हणून हिंदी येणाऱ्या कुणा बाईला बोलावलं. तिला 'मारते' तेवढं कळलं आणि मिठी हे पोरीचं लाडाचं नाव वाटलं! मम्मी मिठीला मारते. झालं, संध्याकाळी पोर केंद्रात. अगं, हजेरीत तेजस्वी लिहिलंय, मग ही मिठी कोण, एवढंही एकीला विचारावंसं वाटू नये?

मी ओरडून सांगितलं, हवेत मिठी मारून दाखवली. तर म्हणे, आई रागीट आहे. मग पालकत्वाचे वर्ग. दोघांनी पूर्ण केल्याशिवाय मुलगी मिळणार नाही, आणि एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. सागर हिद्दच्या बंदरावर ट्रेलर चालवतो. एकदा जहाज उशिरा लागलं, त्याचा वर्ग बुडाला आणि आम्ही खरंच पुन्हा पहिल्यापासून बसलो. आणि त्याच काळात मी अदलियाच्या नर्सरीत रोज लोकांची पोरं भरवत, निजवत होते! त्याला कुणाची हरकत नव्हती. धोका फक्त माझ्या पोरीला.

वर्गात काय शिकवलं सांगू? मुलांना रोज जवळ घ्या. प्रत्येकाच्या हातात उशी देऊन सराव करून घेतला. सागर एवढा दांडगा माणूस, उशीत तोंड खुपसून रडला. मी नाही रडले. ती उशी कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती. शेवटी टाळ्या, फोटो, प्रमाणपत्र. आमच्यात सुधारणा झाली म्हणे. आमचं चुकलं, असं त्यांच्यातलं कुणीही म्हणालं नाही. अजून अंगाची आग होते.

काल दारातच मी हात पसरले आणि म्हटलं, ये, मिठी मार. ती मागे सरकली. मग माझ्या तोंडावर हात ठेवून इंग्रजीत कुजबुजली, तो शब्द बोलू नकोस मम्मी, ते मला परत नेतील. आपल्या बोलण्यामुळेच हे झालं, असं तिने मनात धरलंय. मी उचलून घेतलं तर अंग चोरून राहिली.

म्हणून तुला लिहितेय. दर शुक्रवारी फोन ठेवताना तू म्हणायचीस, मावशीला मिठी मार, आणि ती फोन छातीशी धरायची. या शुक्रवारी ते खणखणीत म्हण. रत्नागिरीपर्यंत केंद्रातल्या त्या बायका पोचत नाहीत, हे तिला ठाऊक आहे, तुझं ती ऐकेल. फोनला मारली तरी चालेल, ताई. तो मी माझ्या हातात धरून बसेन.

तुझीच,
मृणाली