झाकणांच्या पिशवीतला खिळा

शेवगाव, १६ एप्रिल १९९७

चि. वृषालीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जहाजावरून पुण्याला परतल्याचं तुझं कार्ड मिळालं. दोन महिने पाण्यावर राहून सुखरूप आलीस. श्रेय कोणाचं, ते मी सांगत नाही.

परवा भीमजयंतीच्या भाषणात सूर्यभान गुरुजींनी माझं नाव घेतलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सगळे गंडेदोरे चुलीत घालणारी भागिरथी, म्हणाले. लई टाळ्या पडल्या. मी आपली पदर सारखा करत बसले. हे पत्रही तेच लिहितायत, म्हणून आवरतं घेते.

नर्सबाई मला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या देते. तू समुद्रातलं लोह मोजतेस, मग त्यालाही रक्त कमी आहे का गं?

माया आहेच, पत्रातून दिसू दे.

तुझी आजी


पुणे, २५ एप्रिल १९९७

ती. आजीस सविनय जय भीम. वि. वि.

अगदी तसंच आहे, आजी. दक्षिणेच्या समुद्रात बाकी खत भरपूर, लोह मात्र नावालाच. म्हणून पाण्यातली डोळ्यांना न दिसणारी हिरवळ वाढत नाही. ती वाढली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धुरातून सुटणारा वायू, पाण्यात ओढला जातो. थोडा तिच्याबरोबर तळाशीही जातो. दोन वर्षांपूर्वी परदेशी लोकांनी दुसऱ्या समुद्रात थोडं लोह सोडलं, तर पाणी हिरवं झालं.

मोजायला आणलेलं आमचं पाणी मात्र वाया गेलं. प्रत्येक बाटलीत भलतंच लोह, बाहेरून मिसळलेलं. ठपका बाटल्या धुणाऱ्या सहादेवमामांवर आला. पुढच्या सफरीतून त्यांचं नाव काढलं. बाटल्या धुण्याच्या खोलीत त्यांनी कधी लोखंडी बादलीही येऊ दिली नव्हती. माझ्याशी ते अजून हसून बोलतात, तेच सोसत नाही.

मी शेवगावहून निघाले तेव्हा माझ्या सामानातल्या, बाटल्यांच्या झाकणांच्या पिशवीत तू काही ठेवलं होतंस का? नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

तुझीच,
वृषाली


शेवगाव, २ मे १९९७

चि. वृषालीस आशीर्वाद. वि. वि.

खिळा ठेवला होता. काळ्या दोऱ्यात गुंडाळून. लांबच्या वाटेला निघालेल्याजवळ लोखंड असावं, असं माझी आई करायची. तुझे आजोबा असते तर त्यांनी मलाच चुलीत घातलं असतं. तुझ्या खाऱ्या हवेत तो गंजला असणार.

हे सांगताना गुरुजींचा हात थांबला. मी म्हटलं, लिहा. पुढच्या जयंतीला माझं नाव गाळा, पण हे गाळू नका.

आणि पोरी, तू मला नाही म्हणायला वाट ठेवलीस. झाकणांच्या पिशवीचं नाव कुणी उगाच काढतं का? खिळा तुला जहाजावरच सापडला. तिथं तू गप्प बसलीस आणि मामाचं नाव गेलं. मी ठेवला, तू लपवला. आजी-नातीची जोडी झकास जमली!

हे पत्र आधी सहादेवला वाचून दाखव, मग तुझ्या साहेबांना.

आजवर दुसऱ्यांच्या कागदांवर अंगठा उठवला, हा पहिला माझ्या स्वतःच्या कागदावर. शेजारी गुरुजींना जागा मोकळी सोडायला सांगितलीय. तिथं तुझी सही कर.