लाक्रिमाला वास नव्हता

आबा, रविवारी दुपारी मला गुलाबाचा वास आला नाही. तुम्ही म्हणाल, त्यात पत्र लिहिण्यासारखं काय. पण हा गुलाब फुलातला नव्हता, वाईनमधला होता आणि तो न येणं मला परवडण्यासारखं नाही. "द्राक्षं नासवायची आन वर त्याची परीक्षा घ्यायची!" असं तुम्ही म्हणाला होता, मी हॉटेलात पहिल्यांदा बाटल्यांच्या कपाटाची जबाबदारी घेतली तेव्हा. त्यानंतर मी काय काय शिकलो ते तुम्ही पाहिलं नाही. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, कुणी हाताला धरून शिकवलं नाही. लेबलं वाचत, शब्दकोश उघडत, इटलीच्या नकाशावर बोट फिरवत शिकलो. आज कोल्हापुरात वाईनबद्दल कुणाचं काही अडलं तर माणसं मला विचारतात. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण मोठेपणा म्हणूनच सांगतोय. तुमच्यापुढं कशाला लपवू.

वाईन कुठली होती ते नीट सांगतो, कारण यात लोक फार घोळ घालतात. इटली बुटासारखी दिसते. त्या बुटाच्या पोटरीवर, पूर्वेकडच्या समुद्राला लागून, मार्के नावाचा प्रांत आहे. तिथल्या टेकड्यांत मोर्रो दाल्बा हे तटबंदीचं लहानसं गाव. वर उत्तरेला आल्बा नावाचं दुसरं, नावाजलेलं गाव आहे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मोर्रो दाल्बाच्या आसपास लाक्रिमा नावाचं काळं द्राक्ष पिकतं. लाक्रिमा म्हणजे अश्रू. पूर्ण पिकलं की साल तडकते आणि रसाचा थेंब बाहेर येतो, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या उतारावर जवळपास याच नावाची वाईन होते, तीही वेगळी. असलं फुटकं द्राक्ष सांभाळायला त्रासाचं, म्हणून बऱ्याच जणांनी ते काढून दणकट जाती लावल्या. थोड्यांनी हट्टानं ठेवलं. त्याची वाईन जांभळ्या शाईसारखी दिसते, ती फार वर्षं ठेवायची नसते आणि किंचित गार करून द्यायची असते. तिचा वास तर ग्लास नाकापाशी न्यायच्या आधीच समोर येऊन उभा राहतो. आधी गुलाब, मागून व्हायोलेट. व्हायोलेटचं फूल मी जन्मात पाहिलेलं नाही, पण वासावरून ओळखतो. नवशिक्यालाही चुकणार नाही असा हा वास आहे, आबा. म्हणून तर मला भीती वाटते.

एमआयडीसीतले एक कारखानदार मशिनरी बघायला इटलीला गेले होते. तिथून एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या घरून त्यांनी या बाटल्या आणल्या. रविवारी हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये त्यांनी मित्रांना जेवायला बोलावलं आणि मला म्हणाले, "मास्तर, ह्यास्नी जरा सांगा काय चीज हाय ती." मी मार्के सांगितलं, द्राक्ष सांगितलं, आल्बाचा घोळ सांगितला. मग बाटली उघडली, थोडी ओतली, ग्लास फिरवला आणि नाक आत घातलं.

काही नाही.

बूच खराब असलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तोही नव्हता. पाण्याचा पेला तोंडाला लावावा तसं झालं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "ही बाटली गेलेली आहे." दुसरी उघडली. तीही तशीच. "हीपण गेली." कोपऱ्यातला एक जाडजूड पाहुणा म्हणाला, "मास्तर, तिसरी बी गेली म्हणा की पटकन, म्हंजे आम्ही बिअर मागवायला मोकळं." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात ग्लास उचलायला आलेली आमच्याकडची नवी मुलगी टेबलापाशी थबकली. "सर, केवढा गुलाब येतोय! महाद्वार रोडला हारवाल्यांच्या पुढनं गेल्यागत वाटतंय."

मी तिला म्हणालो, "कुणीतरी अत्तर मारून आलंय. वाईनचा वास वेगळा असतो." पाहुणे एकमेकांची कॉलर हुंगायला लागले. कारखानदारांचा चेहरा मात्र उतरला होता. "म्हाताऱ्यानं गोड बोलून गंडवलं की मला. उद्या फोन लावतो आन चांगला झाडतो त्याला." मी दोन्ही बाटल्यांना परत बुचं लावली.

घरी आलो तेव्हा तुमची सून दळण आणायला गेली होती ते बरं झालं. मी स्वयंपाकघरात एकेक डबा उघडला. हिंग, कापूर, कॉफी. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीत नाक घातलं तर डोळ्यांतून पाणी आलं, शिंका आल्या, पण वास नाही. तिखटाचा झोंबरेपणा कळतो, वास कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी दुसऱ्यांना समजावून सांगत आलोय. ती परत आली आणि दारातच थांबली. "अगंबाई! डबं कशापायी पसरलायसा?" "मुंग्या बघतोय," मी म्हणालो. "मुंग्या डोळ्यांनी बघत्यात, नाकानं न्हाय," ती म्हणाली आणि झाकणं लावायला लागली.

तेव्हापासून मला तुमचं गुऱ्हाळ दिसतंय. मोठी काहील चुलवाणावर, रस उकळतोय, वाफेत माणसं अर्धी दिसतात. तुम्ही गुळव्या. काहील कधी उतरवायची हे तुम्ही सांगायचं आणि बाकीच्यांनी धावायचं. मला जवळ ओढून तुम्ही म्हणता, "डोळं मीट. आता हिरवा वास हाय. थांब जरा. आता? आता भाजक्या शेंगांगत आला का न्हाय? हितंच उतरवायची." मी म्हणतो, आला. खरंच आलेला असतो. माझं नाक तुमच्याकडनं आलेलं आहे, आबा. लेबलं मी वाचली, नाक तुमचं.

आणि म्हणूनच पुष्कळ वर्षांनंतरचा तो दुसरा दिवसही दिसतो. हंगाम सुरू झालेला, काहील तशीच, तुम्ही तिच्यापाशी उभे. मला लांबून करपल्याचा वास येतोय आणि तुम्ही हात वर करत नाही. कुणीतरी ओरडलं, "गुळव्या, झोपलासा व्हय?" तेव्हा कुठं तुम्ही दचकलात. गूळ काळा पडला होता. तुम्ही जाळ घालणाऱ्यावर खेकसलात, "चिपाडं वली हायत. धुरानं वास दबतोय." सगळ्यांना ते पटलं. तुमचं म्हणणं कोण खोडणार? पुढच्या खेपेला तुम्ही रसातली मळी काढायला घालतात त्या भेंडीच्या पाण्याला दोष दिलात, मग उसाला. मग तुम्ही गुऱ्हाळावर जायचंच बंद केलंत आणि आम्हाला वाटलं, वय झालं.

त्यानंतर कधीतरी तुम्ही घरची वाट विसरलात. आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारायला लागलात. आणि एका सकाळी मी हॉटेलातून सुट्टी काढून आलो, तर तुम्ही ओसरीवर नीट मांडी घालून बसला होता, मला बघून सरकून जागा दिलीत आणि फार अदबीनं म्हणालात, "या पावणं. कुठनं आलासा? चा घेनार न्हवं?" मी चहा घेतला. तुम्ही ऊसपाण्याची चौकशी केलीत, पोरंबाळं किती विचारलंत. मी सगळी उत्तरं दिली. त्या दिवशी मी काय भ्यालो होतो, ते कुणाला सांगितलं नाही.

नाक जाणं आणि विसरणं, हे दोन्ही तुम्ही वारलात तोवर एकमेकांना कुणी जोडलं नव्हतं. आता फोनवर सगळं वाचता येतं. नाक जायची कारणं पुष्कळ असतात, पुष्कळदा ते परतही येतं, असं त्यात लिहिलंय. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्याच्याखालच्या ओळीत लिहिलंय की तुम्हाला झाला तसल्या विसरण्याच्या आजारात काहींचं नाक आधी जातं. ती ओळ एकदाच वाचली आणि पाठ झाली. सध्या मी सकाळी अंघोळ करताना इटलीचे प्रांत वरून खाली म्हणतो, प्रत्येकाची द्राक्षं म्हणतो. अजून एकही चुकलेलं नाही. पण मोलिसेपाशी काल अंमळ थांबलो. नेहमी थांबतो का, कालच थांबलो, हे मला ठरवता येईना. टॉवेल गुंडाळून तसाच उभा राहिलो.

डॉक्टरकडं जायला हवं. मी दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं, आवाज चढवून सांगितलं असतं.

एक काम मात्र केलं. सोमवारी सकाळीच कारखानदारांना फोन लावला. त्या म्हाताऱ्यानं बाकीच्यांनी उपटलेलं द्राक्ष जपलं, आणि माझ्यामुळं त्यानं परक्याच्या शिव्या खायच्या, हे मला झेपेना. म्हणालो, "साहेब, त्याला काही बोलू नका. बाटल्या चांगल्या होत्या. उरलेल्या बिनघोर उघडा." ते म्हणाले, "मग काल ओ?" मी म्हणालो, "मला सर्दी झालीय. नाक बंद होतं. चूक माझी." ते मोठ्यानं हसले. "मास्तरास्नी बी सर्दी हुती तर!"

तुमची सून चुलीशी होती, तिनं ते ऐकलं. तेव्हापासून आलं, गवती चहा, मिरी असला काढा सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढं येतो. घशाला चटका बसतो, बाकी काही नाही. ती समोर बसून विचारते, "झालं का मोकळं?" मी म्हणतो, "व्हय, जरा बरं वाटतंय." ती पेला विसळायला घेऊन जाते, आणि मी हा कागद पंचांगाखालून काढून पुढची ओळ लिहितो. हा कुठं पाठवायचा नाही आणि कुणाला दाखवायचाही नाही, म्हणून एवढं यात लिहून ठेवतो.

मला सर्दी झालेली नाही, आबा.