बेस्ट निगेटिव्ह रोल रद्द होणेबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत निवडणूक, मौजे पळसखेडी,
तहसील कार्यालय, घनसावंगी, जि. जालना.

अर्जदार : काकासाहेब तुळशीराम बोराडे, धंदा शेती, सरपंचपदाचे उमेदवार, रा. पळसखेडी.

विषय : सिनेमावर ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींनी इंटरनेटवर मतदान घेऊन अर्जदारास दिलेला ‘बेस्ट निगेटिव्ह रोल’ हा, व राजानंद भिवा वाहुळे यास दिलेला दिग्दर्शनाचा, असे दोन्ही पुरस्कार रद्द होणेबाबत.

संदर्भ : गावच्या वेशीत लागलेला अर्जदाराच्या फोटोचा फ्लेक्स.

महोदय,

जेथे मतदान तेथे आपला अधिकार, या विश्वासाने अर्ज करण्यात येतो की,

१. गावातील राजानंद वाहुळे हा पोरगा पुण्याहून सिनेमाचे शिक्षण घेऊन आला व त्याने गावात एक लघुपट काढला. त्यात पाटलाचे काम करा म्हणून तो अर्जदाराच्या ओसरीवर येऊन हात जोडून उभा राहिला. आपल्या बांधावर उभे राहायचे, समोरून मयत येते आहे असे समजायचे आणि मनाला येईल ते बोलायचे, एवढेच त्याने सांगितले. पाठ करायला कागदसुद्धा दिला नाही. अर्जदारास तेव्हाच शंका यावयास हवी होती, परंतु कॅमेऱ्यापुढे माणूस फुगतो, तसा तोही फुगला.

२. पुढे सदर ब्लॉगवाल्यांनी पुरस्कारासाठी मतदान ठेवले. एका मोबाइल नंबरास एक मत. ‘बेस्ट’ म्हणजे उत्तम, हे अर्जदारास ठाऊक होते. ‘निगेटिव्ह’चे म्हणाल, तर करोनात घरच्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा अर्जदाराने देवापुढे साखर ठेवली होती. सबब बेस्टही आणि वर निगेटिव्हही, म्हणजे दुप्पट चांगले, असा त्याचा प्रामाणिक समज झाला.

३. त्या समजापोटी अर्जदाराने जिवाचे रान केले. कुंभार पिंपळगावच्या बाजारात ओळखीच्या माणसांच्या हातातले फोन घेऊन मते टाकून घेतली. जालना एमआयडीसीत कामाला असलेल्या गावच्या पोरांना टेम्पो पाठवून आणले, मटण खाऊ घातले. विशेष बाब अशी की, ज्या बुद्धनगरातून अर्जदारास आजवर एकाही निवडणुकीत मत पडले नाही, तेथील बायामाणसांनीही एकगठ्ठा त्यालाच मते दिली. अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने बुद्धनगरात पेढे वाटले. त्यांनी ते खाल्लेही.

४. निकाल लागल्यावर जालन्यात कॉलेजला असलेली नात राजनंदिनी हिने, निगेटिव्ह रोल म्हणजे खलनायक, असा खुलासा केला. तू कोणाला मत दिलेस असे विचारले असता तिने ‘तुम्हालाच’ असे सांगितले. आता वेशीत फ्लेक्स झळकतो आहे : ‘सर्वोत्कृष्ट खलनायक, आपलेच काकासाहेब, हार्दिक अभिनंदन’. हे आचारसंहितेत कसे बसते, ते साहेबांनी पाहावे. ज्यांनी अर्जदारापुढे कधी मान वर केली नाही, ते त्याखाली उभे राहून फोटो काढतात. अर्जदाराच्या अंगाची लाही लाही होते. सरपंचपद तर हातचे जाईलच, पण त्या पोराला धडा शिकवल्याशिवाय अर्जदार स्वस्थ बसणार नाही, हे येथे स्पष्ट लिहून देतो.

५. त्याकरिता अर्जदाराने कायद्याचा मुद्दा शोधून काढला आहे. पुरस्कार अभिनयाचा आहे आणि अर्जदाराने अभिनय केलेलाच नाही. ‘माह्या वावरातून मढं जाणार न्हाई. वढ्यातून न्या,’ हे लघुपटातले वाक्य राजानंदचे नसून अर्जदाराचे स्वतःचे आहे. बुद्धनगरची मसणवाट्याची वाट अर्जदाराच्या शेतातून जाते. राजानंदची आई गिरिजाबाई वारली तेव्हा तिचा नवरा भिवा मयत घेऊन याच बांधावर आला होता. त्या दिवशीही अर्जदार हेच बोलला होता. शब्दात फरक नाही, आवाजात फरक नाही. ओढ्याला कमरेएवढे पाणी होते, तरी त्यांनी तिला तिकडूनच नेले. राजानंद तेव्हा खांदेकऱ्यांत होता. सबब त्याने अर्जदारास काहीही शिकवलेले नाही. त्याचे दिग्दर्शन शून्य आहे.

६. तरी मेहेरबान साहेबांनी, ‘काकासाहेब बोराडे हे नट नसून सिनेमात दिसतात तसेच ते आहेत,’ असा दाखला द्यावा. तो मतदानाआधी चावडीवर चिकटवावा व बुद्धनगरासह सबंध गावात भोंग्यावरून वाचून दाखवावा, म्हणजे राजानंदचे नाक कापले जाईल व गावाला खरे काय ते कळेल.

आपल्या न्यायाची वाट पाहणारा नम्र अर्जदार,
(सही)
काकासाहेब तुळशीराम बोराडे
पळसखेडी, दि. २० ऑक्टोबर २०२३

सोबत : १. वेशीतल्या फ्लेक्सचा फोटो.
२. मुद्दा क्र. ५ बाबत साक्षीदार भिवा वाहुळे याची सही. तो नकार देईल, अशी अर्जदाराची खात्री होती. त्याने अर्ज दोनदा वाचून घेतला, ‘बराबर हाय, असंच बोलल्ते,’ एवढेच म्हणाला आणि सही केली. पेन राजानंदने दिला.