ओल्या फडक्यातला पुदिना

सौ. वच्छलेस औरंगाबादेहून फकिराचा आशीर्वाद.

मी खुशाल हाय. तालुकदारसाहेबांच्या बावर्चीखान्यात पोटभर जेवतो, काळजी करू नको.

कन्नडहून तू सांडूबरोबर धाडलेला पुदिना पोचला. ओल्या फडक्यात बांधलेला, म्हणून एक पान कोमेजलं नाय. साहेबांना चटणी लई आवडली. उरलेला माठाखाली गारव्याला ठेवलाय.

पण ते फडकं गुलाबी पटक्याचं हाय. आपल्या घरात मी अन् आबा पांढराच बांधतो. सांडूला विचारलं, तर तो खाली बघून हसला.

आईचा खोकला कसा हाय? तुझ्या माहेरचं कुणी आलतं का?

सोबत माझ्या पटक्याचं टोक फाडून धाडतोय. इथून पुढं पुदिना ह्याच्यातच बांध.

तुझाच नवरा,
फकिरा