वार्ताफलकावर पूर्ण झालेल्या पुलाबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
जिल्हा वानाजती, मध्य जावा.

विषय : काली वुनी नदीवर पूल बांधून मिळणेबाबत (आपल्या मते दुसऱ्यांदा, आमच्या मते पहिल्यांदाच).

संदर्भ : आपले दि. २ जूनचे पत्र, "पूल पूर्ण असल्याने तक्रार निकाली."

महोदय,

मी सुरोसो हादिप्रायित्नो, केडुंगसारी येथील शेजारसंघ क्र. ७ चा चिटणीस. गेली अकरा वर्षे संघाचा वार्ताफलक मी स्वतःच्या हाताने लिहितो. लसीकरणाच्या तारखा, सूचना, विकासकामांची माहिती, सगळे त्यावर असते. सरकारी मजकूर एका अक्षराचाही बदल न करता उतरवायचा, हा आमचा नियम. गेल्या वर्षी "जागरूक शेजारसंघ" म्हणून आमचा गौरव करून नव्या फलकासाठी सात फुटी सागवानी फळी आपणच भेट दिलीत. ती फार उत्तम निघाली, हे पुढे येईलच.

१. जानेवारीत आपले मुकादम दोन खुंट्या आणि दोरी घेऊन आले. आमच्याकडे कामाला हात लावण्याआधी सेलामतान होते, म्हणजे सगळ्या घरांनी मिळून प्रार्थना करायची आणि जेवायचे. बायकांनी पिवळ्या भाताचा उंच तुंपेंग रचला, मुकादमांनी त्याचे टोक कापले, छायाचित्र निघाले. मुकादम पोटभर जेवून उरलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून घेऊन गेले, ते आजतागायत परतलेले नाहीत. खुंट्या आहेत.

२. मार्चमध्ये आपले परिपत्रक आले : "केडुंगसारी पूल पूर्ण. उद्घाटन उत्साहात." सोबत आमच्याच तुंपेंगचे छायाचित्र. नियमाप्रमाणे मी ते फलकावर सुवाच्य अक्षरांत उतरवले. पूल दिसत नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु सरकारी बातमीत ढवळाढवळ करणे चिटणिसाला शोभत नाही. नदीकाठच्या या फलकासमोर भजी तळणाऱ्या बू पार्तिनी सर्वांदेखत म्हणाल्या, "पाक सुरोसो, चष्मा पुसा हो जरा! पूल झालाय ना, मग तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला सुईण त्याच्यावरून चालत आणून दाखवा!" मी त्यांना बातमी पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवली.

३. मे महिन्यात आम्ही तक्रार केली. आपण कळवलेत की संघाच्या फलकावरच पूल पूर्ण झाल्याची नोंद आहे. म्हणजे आम्ही आपल्यावर विश्वास ठेवला आणि आपण आमच्यावर. एवढा जिव्हाळा असूनही नदी ओलांडायला जुना बांबूचा साकवच होता, आणि तो जुलैत मधोमध तुटला.

४. ऑगस्टमध्ये आपला आदेश आला की स्वातंत्र्यदिनानिमित्त पुलाचे कठडे ध्वजाप्रमाणे लाल-पांढरे रंगवावेत. बैठकीत दोन तास खल झाला. अखेर रविवारच्या श्रमदानात आम्ही खुंट्या रंगवल्या. छायाचित्र जोडले आहे; त्यावरून दुरुस्ती पूर्ण झाली असे कृपया समजू नये.

५. गेल्या मंगळवारी दुपारी माझी सून वेनिंग हिला कळा सुरू झाल्या. सुईणबाई पैलतीरी राहतात. त्या साकवावर अर्ध्यापर्यंत आल्या आणि भगदाडापाशी पिशवी धरून उभ्या राहिल्या. इकडून मी, तिकडून त्या. महोदय, मला स्वतःची फार लाज वाटली. जे डोळ्यांना दिसत होते, तेच मी सुंदर अक्षरांत खोटे पाडले होते. बू पार्तिनी ओरडल्या, "बघत काय बसलाय? काढा तो फळा!" आम्ही दोघांनी फलक खिळ्यांसकट उपसला आणि भगदाडावर आडवा टाकला. सुईणबाई आल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

गल्लीत आणखी दोघींचे दिवस भरत आले आहेत, आणि नोव्हेंबरात नदी चढली की साकवासकट फळीही जाईल. तरी पूल त्याआधी बांधून मिळावा. एका जागी दोन पूल नियमात बसत नसल्यास, आपल्या दप्तरातील पूल पाडण्याचा आदेश काढावा. पाडण्याचे श्रम संघ विनामूल्य करील. या वेळी सेलामतान मात्र मी स्वतः पुलावरून चालून गेल्यावरच होईल.

आपल्या मुकादमांची वाट पाहणारा,
आपला नम्र,
सुरोसो हादिप्रायित्नो
चिटणीस, शेजारसंघ क्र. ७, केडुंगसारी
दि. ९ सप्टेंबर

सोबत :
१. तुंपेंगचे छायाचित्र (आपल्याकडे आहेच).
२. रंगवलेल्या खुंट्यांचे छायाचित्र.
३. "पूल पूर्ण" या मजकुरासह वार्ताफलक : मूळ प्रत जोडता येत नाही. सुईणबाई बाळाला न्हाऊ घालायला रोज तिच्यावरूनच येतात.