लिनकाकूंची मोकळी जागा

शनिवार, ८ नोव्हेंबर, डब्लिन

शेजारच्या लिनकाकू आज सकाळी मुलाकडे टेक्ससला गेल्या. कायमच्या. दिवसभर कॉलवर माणसं भेटतात, पण माझ्या घरात येणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

संधिवातामुळे त्यांचं गुजंग, म्हणजे स्वरमंडलासारखं आडवं चिनी वाद्य, केव्हाच बंद झालं. त्यावरची त्यांची लहानपणची एक धून मी उन्हाळ्यापासून पियानोवर बसवतेय. एका जागी अडते. तिथे त्या तार दाबून सूर वाकवायच्या, आपल्या मींडेसारखा. पियानोवर सूर कसा वाकवणार? मी तिथे भरभर चार सूर भरले होते.

काल निरोपाला आल्या तेव्हा ऐकून म्हणाल्या, “फार गर्दी झाली. जागा मोकळी सोड.”

सोडली. आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःच तो सूर गुणगुणला. आवाज चिरका, पण सूर अगदी हवा तसा वाकलेला. मग आम्ही अंधार पडेपर्यंत तेच करत बसलो.

आज एकटीने वाजवलं. त्या जागी थांबले. स्वतः गाऊन पाहिलं, तर माझा सूर नको तितका गोड. शेवटी रात्री, त्या पोचल्यावर, फोन केला.

“वाजवलंस?” त्यांनी विचारलं.

“हो. पण तुमच्याशिवाय जमत नाही.”

“मग आता वाजव.”

फोन स्पीकरवर ठेवला. त्या गुणगुणल्या, पण फोनवर आवाज जरा उशिराच पोचतो. तोवर मी पुढच्या ओळीवर गेले होते.

जागा आणखी मोठी सोडायला हवी.