समोरचा दात आणि ट्रम्पेट

९ फेब्रुवारी
बेळगुंदीला लग्न. वरातीत मध्येच गार पाणी प्यालो, वरच्या समोरच्या दातातून कळ पार डोळ्यापर्यंत गेली. तसंच ट्रम्पेट ओठाला लावलं. आप्पा, आमचे बँडमास्तर, चालता चालता म्हणाले, "तोंड का वाकडं करतोस रं?" म्हटलं, काय न्हाय.

१७ फेब्रुवारी
बायकोनं, शोभानं, बॅटरी धरून बघितलं. दात शेजारच्या दाताला टेकतो तिथं मागनं काळं पडलंय. जीभ लागली की खरखरतं. "कीड लागलीया. उद्याच्या उद्या दवाखान्यात जावा." सीझनमध्ये कसं जाणार? सकाळी तंबाखूची वखार, संध्याकाळी वरात. चौदा एप्रिलची जयंती झाली की जाऊ म्हटलं. तोवर लवंगेचं तेल.

१ मार्च
आधी गार लागलं की कळ यायची अन् जायची. आता गरम चहानंही सुरू होते, अन् थांबतच नाही. गोळी घेऊन वाजवलं. शोभा चिडलीय.

१२ मार्च
ठणका गेला! गार नाही, गरम नाही, काही नाही. शोभाला म्हटलं, "बघ, गेलं आपोआप." ती म्हणाली, "असं कसं जाईल?" हसण्यावारी नेलं. हिंडलग्याच्या वरातीत वरचे सूर असे लागले की आप्पांनी वळून बघितलं. मजेत घरी आलो.

६ एप्रिल
सकाळी उठलो तर वरचा ओठ नाकापर्यंत सुजलेला. अंगात ताप. शोभानं मला विचारलंच नाही. पिशवी घेतली, स्टँडवर नेलं, बेळगावची एसटी.

डॉक्टरीणबाई तरुण. आधी कन्नडमधून बोलल्या, मग निपाणीचे म्हटल्यावर मराठीत. बोट लावून, ठोकून बघितलं. गार कापूस लावला, मला काहीच जाणवलं नाही. मग एक्स-रे. दाताच्या मुळाच्या टोकाशी काळा गोल.

"ठणका मध्ये थांबला होता का?"
"व्हय. मार्चमध्ये. बरं झालं वाटलं."
"बरं नव्हतं झालं. आतली नस मेली, म्हणून दुखायचं थांबलं. दुखत होतं तेव्हा आला असता तर..." शोभा खिडकीकडं बघत होती.

गोड किती खाता, विचारलं. म्हटलं, लई न्हाय. शोभानं सांगितलं, "वाजिवताना गालात खडीसाखर असतीया. घसा सुकतोय म्हणून." सगळेच वाजवणारे ठेवतात. बाई म्हणाल्या, किती खाल्ली यापेक्षा तोंडात किती वेळ राहिली ते बघायचं. साखर मिळाली की जंतू आम्ल करतात, दात झिजतो. मध्ये मोकळा वेळ असला तर लाळ त्याला सावरते. माझ्या दाताला तो वेळ मिळालाच नाही.

पू काढला. गोळ्या दिल्या. सूज उतरली की रूट कॅनाल. ट्रम्पेटचं विचारलं. "इतक्यात नको."

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली. माझ्या जागी आप्पांनी चिकोडीचा एक जण आणला होता. मी दारात. लोक खुणेनं विचारत होते, मी गालाला हात लावून दाखवत होतो. आई दर वर्षीसारखी कोपऱ्यावर उभी होती. एरवी माझा वाजवायचा तुकडा आला की शेजारणीला कोपरानं ढोसायची. घरी आल्यावर म्हणाली, "चांगलं वाजिवलं गा त्यानं." जेवताना पुन्हा तेच म्हणाली.

२८ एप्रिल
रूट कॅनाल करायला गेलो, दात काढून आलो. मुळालाच उभी चीर गेलेली. दात आतून पोखरलेला, वरून ट्रम्पेटचा दाब. "असा दात राहत नाही," बाई म्हणाल्या. इंजेक्शन होतं, दुखलं नाही. ताटलीत पडलेला बघितला. एवढासा. फेब्रुवारीत नुसतं भरून भागलं असतं.

बाकीच्या दातांवर दोन ठिकाणी पांढरे डाग आहेत, किडीची सुरुवात; ते दात अजून वाचतील. रात्री घासून झोपायचं, फ्लोराइडची पेस्ट, खडीसाखर बंद.

१९ मे
बोलताना 'स' निसटतो. वखारीत कमी बोलतो. शोभाला 'शोभे' म्हणायला गेलो, फुसकन हवा गेली. ती हसली, मग लगेच चहा ठेवायला आत गेली.

३ ऑगस्ट
जखम भरून हाड बसेपर्यंत थांबायला लावलं होतं. आज दोन्ही बाजूच्या दातांना धरून नवा दात बसवला. दिसायला झकास. घरी आल्या आल्या ट्रम्पेट काढलं. खालचे सूर येतात. वर चढलो की ओठ सरकतो, कडेनं हवा जाते. बाईंनी सांगितलंच होतं, हळूहळू सराव करा, दाबू नका. येईल का विचारलं तर म्हणाल्या, "काहींना येतं."

२१ ऑगस्ट
आप्पा आले होते. तुळशीच्या लग्नापासूनच्या सुपाऱ्या आत्ताच यायला लागल्यात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग, "मोठा भोंगा घेतोस का? त्याचं ओठाला लावायचं तोंड रुंद, दातावर जोर येत न्हाय. ट्रम्पेटला चिकोडीचा हाय."

शोभा आतून म्हणाली, "एकदा वाजवून तरी दाखवा की आप्पास्नी."

उठलो. खालचे सूर स्वच्छ लागले. आई उंबऱ्यात येऊन बसली. वर चढायचा तुकडा आला तसा श्वास घेतला अन् ओठ घट्ट केले. आप्पांनी चहाचा कप हातातच धरला होता. त्यांची नजर माझ्या ओठावर. वरचा सूर फुटला, कडेनं हवा गेली, अन् मी ट्रम्पेट खाली ठेवून म्हटलं, "भोंगा न्यायला कधी येऊ?"